हवालदाराचं टमरेल

मच्छिंद्रनं उघड्यावर बसणाऱ्यांपुढं वीस वर्षं घसा कोरडा केला, आणि नाव झालं कल्याणचं. आता यावर माणसानं जळू नये तर काय करावं?

मच्छिंद्र म्हणजे पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडल्या वस्तीवरचा आरोग्यसेवक. दारोदार जाऊन सांगायचा, बाबांनो, ही घाण पावसात वाहून विहिरीत उतरते, लेकरांना हगवण लागते. लोक हो हो म्हणायचे आणि सरकारी संडासात गोवऱ्या रचायचे. मग कल्याण फौजेतून हवालदार होऊन परत आला. पारावर उभा राहून एकदाच बोलला, "कारगिलच्या लढाईत आमच्या तुकडीत गोळीनं कमी अन् हगवणीनं जास्त जवान आडवे झाले. घाण पाण्यात उतरली की मंग दुश्मनाची गरज न्हाई." झालं. पंधरवड्यात गोवऱ्या बाहेर, माणसं आत. पहाटे कल्याण शिट्टी घेऊन पाणंदीवर उभा; कुणी टमरेल घेऊन दिसलाच, तर गळ्यात झेंडूचा हार. एकदा हार पडलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नसे. गेल्या पावसाळ्यात वस्तीवर एकाही लेकराला सलाईन लागलं नाही.

मच्छिंद्रला याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. "बीळ म्या खणलं अन् नागोबा हा," जेवताना तो बायकोला म्हणाला.

"पिकतं तिथं विकत न्हाई," तुळजाबाई म्हणाली. "अन् तुम्ही कधी शिट्टी वाजवली?"

त्यानं अर्धी भाकर ताटात तशीच ठेवली.

त्यात यंदा गावानं ठरवलं, पंधरा ऑगस्टला झेंडा कल्याणच्या हातानं चढवायचा. मच्छिंद्रच्या पोटात जे पेटलं ते विझेना. तो कल्याणवर डोळा ठेवू लागला, आणि ज्याला खोट हवी असते त्याला ती सापडतेच. शिट्टी वाजवायच्या आधी, अंधार असताना, हवालदारसाहेब स्वतःच टमरेल घेऊन ओढ्याकडं जायचे. त्या दिवशी मच्छिंद्रला चार भाकरी गेल्या.

दुसऱ्या पहाटे त्यानं भिवा आणि रखमाजीला उठवलं. दोघांच्याही गळ्यात कल्याणनं हार घातलेले, त्यामुळं फार आग्रह करावा लागला नाही. झेंडूचा हार घेऊन तिघं बाभळीआड दबा धरून बसले. कल्याण मक्यातून बाहेर आला तसा मच्छिंद्र पुढं झाला.

"घाल मान पुढं, हवालदार."

कल्याण पळाला नाही. टमरेल खाली ठेवून त्यानं खरंच मान पुढं केली. "घाला, मच्छिंद्रभाऊ. बराबर हाये तुमचं."

"लोकांना शिकवतो, अन् सवता?"

"दार लावलं की जमत न्हाई," कल्याण म्हणाला. "लढाईत बंकरवर गोळा पडल्ता. दोघं आत गाडल्या गेल्तो. अंधारात एकमेकाशी बोलत होतो. मंग सोबतीचा बोलायचा थांबला. मला दुसऱ्या दिवशी काढलं. घरी एवढा चांगला संडास बांधला, पण कडी लावली की छाती दाबते. रोज प्रयत्न करून राह्यलो."

हार मच्छिंद्रच्या हातातच राहिला. पण भिवा आणि रखमाजीची तोंडं कोण धरणार? न्याहारीपर्यंत वस्तीभर झालं. आता हसतील, गोवऱ्या पुन्हा आत जातील, असं मच्छिंद्रला वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचं फार वाईटही वाटलं नसतं.

कुणी हसलं नाही. रखमाजीनंच कल्याणच्या संडासाचं दार बिजागरीतून काढलं. तुळजाबाईनं गोणपाटाचा पडदा शिवून दिला, मच्छिंद्रच्या डोळ्यादेखत. झेंडाही कल्याणनंच चढवला. एकच अडचण उरली. बाहेर कुणी बोलत असलं तरच कल्याणला आत बसणं जमायचं. सगळ्यांनी मच्छिंद्रकडं पाहिलं. कुणी ऐको न ऐको, बोलत राहायची सवय वस्तीत त्यालाच होती.

तेव्हापासून रोज पहाटे तो पडद्याकडं पाठ करून उभा राहतो आणि बोलतो. पाणी उकळा, टाकी झाका, हात धुवा. आतून कल्याण "हो भाऊ" म्हणतो. वीस वर्षांत त्याचं शेवटपर्यंत ऐकणारा हा पहिलाच माणूस. वाटेनं जाणारे कौतुकानं म्हणतात, "हवालदाराचा रुबाबच निराळा. संडासाला बी पहारेकरी ठेवलाय."

मच्छिंद्र अजून जळतो. पण बोलायचं थांबत नाही.