शुभांगीचा टीव्ही आणि राजचा डबा

राजने पिशवीतून डबा काढला आणि जत्रेतली कुस्ती मारून आल्यासारखा हात उंच केला. डबा म्हणजे केवढा, साबणाच्या वडीएवढा. पण त्यासाठी स्वारी सातपूरच्या कंपनीतून सुटल्यावर थेट मेन रोडला जाऊन आली होती, तेव्हा मिरवणूक तर निघणारच.

“मी तेव्हाच म्हणत होतो,” तो म्हणाला.

झालं! हे वाक्य आज ना उद्या येणार, हे शुभांगीला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी टीव्ही घ्यायच्या वेळी नवराबायकोत चांगलीच जुंपली होती. राजचं म्हणणं, टीव्ही साधा घ्यावा आणि त्याला इंटरनेटचा वेगळा डबा लावावा. टीव्हीतली अ‍ॅपं लवकर म्हातारी होतात, डबा काय, कधीही बदलता येतो. शुभांगीचं म्हणणं, एक टीव्ही, एक रिमोट, सगळं आतल्या आत. डबा, त्याची वायर, त्याचा दुसरा रिमोट, हा पसारा हवाय कोणाला? शेवटी चाललं तिचंच, कारण टीव्ही तिच्या पगारातून येणार होता. कॉलेजच्या ऑफिसात तिला नुकतीच नोकरी लागली होती. मखमलाबादच्या या सासरच्या घरात सासऱ्यांचं कपाट, सासूची भांडी आणि नवऱ्याचा फ्रिज यांच्यामध्ये ती एकच वस्तू तिची होती.

सासूबाई, म्हणजे कलाबाई, तेव्हा टीव्हीकडे बघून एवढंच म्हणाल्या होत्या, “आणलाय तर लावा आता.” ते बोलणं शुभांगीच्या मनात सलत राहिलं होतं. काही चांगलं बोलायचं नव्हतं तर गप्प राहायचं, असं तिला अजूनही वाटे.

आणि गेले काही महिने टीव्हीने खरोखरच मान टाकली होती. बटण दाबावं तर चित्र ढिम्म हलत नाही, चिडून दाबत राहावं तर मध्येच दोन घरं पुढे उडी. सेल बदलून झाले, वायफाय बंद-चालू करून झालं, नको असलेली अ‍ॅपं काढून झाली. राजने तर टीव्हीच्या पाठीवर दोन थापाही मारल्या.

आज डबा टीव्हीच्या मागे अडकवला आणि सगळं लोण्यासारखं चालायला लागलं. डब्याचा रिमोट कुठूनही चालतो हे दाखवायला राज स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी उभा राहिला आणि तिथून त्याने मालिका बदलून दाखवली.

“आता कसं,” बाहेर येत तो म्हणाला, “पाडव्याला मोठा साधा टीव्ही आणू. त्याला हा डबा. आणि हा टीव्ही नामपूरच्या मामांना देऊन टाकू. त्यांना काय, बातम्या दिसल्या की पुरे.”

शुभांगी वरवर हसली. आपली या घरातली एकुलती एक वस्तू, तीही चुकीचीच निघाली. कलाबाई झेंडूची फुलं निवडत होत्या. त्यांनी मान वर करून टीव्हीकडे पाहिलं आणि पुढचं फूल उचललं.

शुक्रवारी कॉलेजला सुट्टी होती. एरवी या वेळी शुभांगी बसमध्ये असायची, म्हणून तिला आजवर दिसलं नव्हतं ते आज दिसलं. देवपूजा आटोपून कलाबाई कुंकवाचा करंडा घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या, बोट ओलं केलं, टीव्हीच्या खालच्या पट्टीवर बरोबर मधोमध कुंकू टेकवलं, हात जोडले आणि मळ्यात निघून गेल्या.

टीव्हीला कुंकू आहे हे शुभांगीला माहीत होतं, पण ते खंडेनवमीचं असेल असं ती धरून चालली होती. ती जवळ जाऊन वाकली. कुंकवाची चांगली जाड पपडी बसली होती. तिने नखाने हळूच खरवडलं. एक टवका पडला आणि मागून इवलासा लाल दिवा लुकलुकला. रिमोटचं बटण जो डोळा टिपतो, तो नेमका इथेच होता. तिने जुना रिमोट उचलला आणि दाबला. टीव्ही पहिल्या दिवसासारखा झरझर पळायला लागला.

शुभांगी एकटीच मोठ्याने हसली. तिने फोन उचलला. आता राजला सांगायचं, अहो, टीव्ही म्हातारा नाही झाला, तुमच्या आईने त्याचा डोळा लिंपलाय!

“काय खरवडती गं?” दारात कलाबाई उभ्या होत्या. फुलांची पाटी विसरली म्हणून परत आल्या होत्या.

शुभांगीने सगळं समजावून सांगितलं. कलाबाई खालीच बसल्या. “म्हंजी माझ्यामुळं? दर शुक्रवारी लावते मी. आन् पोरगं तुला बोलत व्हतं.”

“पण आई, टीव्हीला दर शुक्रवारी कशाला? फ्रिजला, मिक्सरला खंडेनवमीलाच लावता ना?”

“ते सामान हाय.”

“हेही सामानच आहे की.”

“हा तुझ्या कमाईचा हाय,” कलाबाई म्हणाल्या. “या घरात बाईच्या पगाराची वस्तू कधी आली व्हती? मळ्यात मी बी लय राबले, पर माझ्या नावाचा चमचा बी नाय. तू हा आणला, त्यो बी शुक्रवारी. लक्ष्मीच की. तिला कुंकू लावायचं नाय?”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“बोलायचं काय त्याच्यात? लावत व्हते की.”

शुभांगीचे डोळे भरून आले. कलाबाई पदर ओला करून पुसायला उठल्या, तसा तिने त्यांचा हात धरला. “राहू द्या. नाहीतर वर कडेला लावत जा.”

“कपाळ सोडून कानाला कुंकू लावतं का कोणी?”

हेही खरं होतं. राजला सांगितलं तर तो हरला असता, पण मग सासूचं कुंकू गावभर हसण्यावारी गेलं असतं आणि त्यांनी पुन्हा टीव्हीला बोट लावलं नसतं. डब्याच्या रिमोटला तर तो डोळा लागतच नव्हता. शुभांगीने फोन खाली ठेवला.

संध्याकाळी ती राजला म्हणाली, “डबाच बरा. मान्य.”

भांडणाच्या तयारीत आलेला राज बघतच राहिला.

“पण टीव्ही नामपूरला जाणार नाही. डबा कधीही बदलता येतो, असं तुम्हीच म्हणता ना? मग पुढे काही झालं तर डबा बदलू. टीव्ही राहील.”

जिंकूनही आपलं काहीतरी हुकलंय, एवढं राजला कळलं. काय हुकलं, ते काही कळेना.

पुढच्या शुक्रवारी राज घरीच होता. टवका पडला होता तिथेच कलाबाईंनी ठसठशीत कुंकू लावलं. ते बघून तो म्हणाला, “आई, माझ्या डब्याला नाही का?”

कलाबाईंनी टीव्हीच्या मागे डोकावून पाहिलं आणि बोटावर उरलेलं कुंकू डब्याला टेकवलं.

“खंडेनवमीपर्यंत पुरंल त्याला,” त्या म्हणाल्या, आणि शुभांगीकडे न बघता फुलांची पाटी उचलून मळ्याकडे निघाल्या.