अकरा पावलं पिवळा दिवा

"घोडी चालत होती की थांबली होती, ते मला नकोय," निरीक्षक म्हणाला. "गाडी चालत होती की थांबली होती, तेवढं सांगा."

"दोन्ही," भूतदया म्हणाले.

निरीक्षकाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. परिवहन कचेरीत चष्मा खाली आला की चौकशी रंगात आली असं समजायचं.

भूतदया हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. प्राणी कल्याण अधिकारी हे पद उच्चारायला लांब पडतं म्हणून कोणीतरी सव्वीस वर्षांपूर्वी हे ठेवलं आणि ते चिकटलं. आता घरी बायकोसुद्धा रागावली की "अहो भूतदया" म्हणायची. निवृत्तीला अठरा दिवस उरले होते. सव्वीस वर्षांत त्यांनी रस्त्यातून कुत्री उचलली, गाढवं हुसकावली, एकदा पुढाऱ्याच्या मोटारीखाली शिरलेलं कासव पुढाऱ्यासकट बाहेर काढलं. आणि हे सगळं एका लाल टॉवेलच्या जोरावर. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी करायची, मागे वीस पावलं जायचं आणि येणाऱ्या वाहनांपुढे टॉवेल हलवायचा. निम्म्या लोकांना वाटायचं हा माणूस काहीतरी विकतोय.

टॉवेल त्यांना जुन्या साहेबांनी दिला होता. जुने साहेब म्हणजे यांच्या आधीचे अधिकारी. एका सकाळी टॉवेल हलवताना एका ट्रकला ते दिसले नाहीत. उजवा पाय गुडघ्यापासून गेला. दवाखान्यात त्यांनी टॉवेल हातात दिला आणि म्हणाले, "हा घे. आणि दिव्यासाठी अर्ज कर."

अर्ज कोणत्या कचेरीत करायचा हे कळायलाच पंधरा वर्षं गेली. मग तो अकरा वर्षं चालला. पहिलं उत्तर आलं, की रस्त्यातलं कुत्रं ही तातडीची बाब आहे असं कुत्र्याचं म्हणणं असेल, कचेरीचं नाही. दुसऱ्यांदा कळलं, की पिवळा दिवा रस्तादुरुस्तीच्या आणि बंद पडलेली वाहनं ओढून नेणाऱ्या गाड्यांच्या वाट्याचा आहे. तिसरा अर्ज हरवला. भूतदयांच्या मते ते सर्वांत सौजन्याचं उत्तर होतं, कारण त्यात नकार नव्हता. शेवटी चार महिन्यांपूर्वी सहा महिन्यांची तात्पुरती परवानगी आली आणि सोबत नियम आले. दिवा पिवळाच असावा. दीडशे मीटरवरून दिसावा. प्राण्यामुळे गाडी रस्त्यात थांबली असेल तेव्हाच लावावा. चाक फिरण्याआधी बंद करावा. प्रत्येक वापराची वहीत नोंद करावी.

दिवा बसवल्याच्या संध्याकाळी भूतदया गाडी घेऊन जुन्या साहेबांच्या घरासमोर गेले. म्हातारा कुबडी टेकत दारात आला. टपावरच्या दिव्याकडे पाहत राहिला.

"लाव ना," म्हणाला.

"लावता येत नाही, साहेब. प्राणी नाहीये."

"ते मांजर आहे की."

"ते भिंतीवर आहे. रस्त्यावर पाहिजे."

दोघांनी मांजराची बराच वेळ वाट पाहिली. मांजर कोणाच्या परवानगीसाठी खाली उतरणाऱ्यांतलं नव्हतं. शेवटी म्हातारा म्हणाला, "राहू दे. बंदसुद्धा छान दिसतो रे." आणि आत जाऊन दोन कप चहा सांगितला.

अशा माणसाला आता नियमभंगाबद्दल बोलावलं होतं. बाजूच्या खुर्चीत त्यांची सहायिका बसली होती. अठरा दिवसांनी गाडी तिच्याकडे जाणार होती. दिवा राहिला तर दिव्यासकट, गेला तर टॉवेलसकट. भूतदयांना काळजी होती ती एवढीच.

"वही बघा," निरीक्षक म्हणाला. "एका सकाळी, एका पुलावर, एक्केचाळीस वेळा दिवा लावलात?"

"बेचाळीस. शेवटची नोंद पलीकडच्या पानावर आहे."

हकिकत अशी होती. पुलाच्या मधोमध एक म्हातारी घोडी उभी होती, पुढचा पाय दुखावलेला. गाडीची फळी उतरवली तर तिने फळीकडे असं पाहिलं, की फळीलाच ओशाळल्यासारखं झालं. चढणार नाही म्हणजे नाही. जनावरांचे डॉक्टर मोठी गाडी घेऊन पुलाच्या पलीकडे थांबले होते. तेव्हा घोडीला चालवत नेणं भाग होतं. भूतदया दोर धरून पुढे, घोडी मध्ये, मागे आडोशाला गाडी, आणि गाडीत सहायिका. घोडी पंधरा पावलं चालायची आणि दम खायची. ती थांबली की गाडी थांबायची आणि दिवा लागायचा. ती निघाली की दिवा बंद व्हायचा आणि मग गाडी निघायची. नियम अक्षरशः पाळायचे तर दुसरा उपायच नव्हता. मागचे लोक पोटभर शिव्या देत होते. एकाने तर विचारलं, "ओ, वरात कुठं चाललीय?"

"आता ही बेचाळिसावी नोंद," निरीक्षकाने पान उलटलं आणि वाचलं. "'हॉर्नमुळे घोडी बुजून धावली. दिवा चालू, गाडी चालू. अकरा पावलं. चूक माझी.' हे तुम्हीच लिहिलंय?"

"हो."

"कोणी बघितलं होतं?"

"मी."

सहायिकेला राहवेना. "मी म्हटलं होतं यांना, सर, हे कशाला लिहिताय? अकरा पावलं कोण मोजणारे? तर म्हणाले, मोजली आहेत ना, मग लिहायला नकोत का!" मग ती निरीक्षकाकडे वळली. "आणि चूक यांची नाहीये. बटण माझ्या हाताखाली होतं. घोडी धावली, तिच्यामागे सर धावले, मी दिवा तसाच ठेवून गाडी त्यांच्या मागे नेली."

"मी हात वर केला होता," भूतदया म्हणाले. "हात वर झाला की निघायचं, असं आमचं ठरलं होतं."

"हात कशासाठी वर केला होता?" निरीक्षकाने विचारलं.

"तोल जात होता," सहायिका म्हणाली. "पडत होते ते!"

"हात वर झाला, हे खरं आहे," भूतदया शांतपणे म्हणाले. "कशासाठी झाला, असा रकाना वहीत नाही."

निरीक्षकाने ओठ दाबले. तो हसणं गिळत होता की उसासा, ते मिशांमुळे कळलं नाही. "ठीक आहे. जबाब झाला. आता तक्रार वाचू."

"अजून वाचली नाही तुम्ही?" सहायिकेने विचारलं.

"आधी जबाब, मग तक्रार. आधी तक्रार वाचली की मन कलुषित होतं, बाई." त्याने फायलीतून एक घडी घातलेला कागद काढला. वर 'पिवळ्या दिव्याबाबत तक्रार' असा शिक्का होता. त्याने कोरड्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'मी बस चालवतो. त्या दिवशी सकाळी पुलावर ऊन थेट डोळ्यांत येत होतं. पुढे काही दिसत नव्हतं, फक्त पिवळं लुकलुकत होतं. मला वाटलं, रस्त्याची दुरुस्ती असेल, बाजूने काढू. पण दुरुस्ती जागची हलत नाही, आणि हा दिवा चालत होता. म्हणून पाय ब्रेकवर गेला. बस थांबली तेव्हा तुमची गाडी दोन हातांवर होती. तिच्यापुढे एक म्हातारा आणि एक घोडी...'"

"म्हातारा?" भूतदया म्हणाले.

"तसंच लिहिलंय." निरीक्षक पुढे वाचू लागला, पण आता आवाज तितका कोरडा नव्हता. "'बसमध्ये एकोणचाळीस माणसं होती. त्यांतल्या एकालाही काही कळलं नाही. ज्याने दिवा लावला त्याचा पत्ता माहीत नाही, म्हणून कचेरीला लिहितो. आभारी आहे.'"

त्याने कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.

"ही तक्रार आहे?" सहायिकेने विचारलं.

निरीक्षकाने शिक्का निरखून पाहिला, जणू तो दुसऱ्या कोणी मारला होता. "आवक टेबलावर तीनच वह्या आहेत. अर्ज, तक्रार आणि कोर्ट. आभाराची वही नाही. तशी गरज कधी पडली नव्हती." मग भूतदयांकडे वळून म्हणाला, "साहेब, गाडी थांबण्याच्या बेतात होती असं लिहू का? अकरा पावलं म्हणजे काही फार नाही."

त्याने आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला असं विचारलं असावं. कान लाल झाले होते.

भूतदयांनी क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं. "थांबण्याच्या बेतात नव्हती हो. चांगली चालत होती. म्हणून तर त्याला दिसलो."

"मग मला कारवाई करावी लागेल."

"करा."

निरीक्षकाने पुन्हा चष्मा चढवला. नियमांची चोपडी पुढे ओढून तो बोट फिरवत राहिला. नवव्या कलमावर बोट थांबलं. "इथं दोन वाटा आहेत. चूक गाडीची असेल तर दिवा उतरवायचा. चूक अधिकाऱ्याची असेल तर त्याला तीस दिवस दिवा लावायची बंदी. दिवा गाडीवर राहतो, दुसऱ्या पात्र व्यक्तीच्या नावाने." तो थांबला. "नीट विचार करून सांगा. चूक गाडीची की माणसाची?"

"माणसाची," भूतदया तत्काळ म्हणाले. "गाडीनं आजवर एकही चूक केलेली नाही."

"तुमचे अठराच दिवस राहिलेत ना? म्हणजे तुम्हाला पुन्हा..."

"अकरा वर्षं वाट पाहिली, चार महिने लावला. पुष्कळ झालं," भूतदया म्हणाले आणि दोन्ही हात जोडून उठले. असे हात त्यांनी त्या कचेरीत यापूर्वी कैकदा जोडले होते, पण ते काही मागण्यासाठी.

निरीक्षकाने सहायिकेच्या नावाचा कागद तिथल्या तिथे केला. जिन्यावर ती म्हणाली, "सर, तुम्ही पडत होता ना त्या दिवशी? खरं सांगा."

"पडत होतो. पण तू आलीस की मागे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराकडच्या मोठ्या रस्त्यावर एक कुत्री गाडीखाली सापडता सापडता वाचली होती आणि थरथरत दुभाजकापाशी पडून होती. सहायिकेने गाडी तिच्या मागे आणून उभी केली. चाकं पुरती थांबली आहेत ना, हे तिने खिडकीतून वाकून पाहिलं, आणि मग बटण दाबलं. भूतदयांचे हात मांडीवर होते. तसेच राहिले.

मग ते खाली उतरले. सवयीने सीटखालचा लाल टॉवेल काढला आणि मागे वीस पावलं चालत गेले. हात वर करणार, तोच पाहिलं, तर लांबवर, अगदी वळणापासूनच, मोटारी हळू होत होत्या. एकामागून एक बाजूला सरकत होत्या. त्यांच्याकडे कोणी पाहतसुद्धा नव्हतं.

ते तिथे थोडा वेळ नुसते उभे राहिले. जुन्या साहेबांना हे सांगायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. मग ते वीस पावलं परत आले. खाली बसून टॉवेल उघडून पसरला, कुत्रीला त्यात गुंडाळलं आणि चारही टोकं छातीशी धरली. तिने एकदा कापडाचा वास घेतला आणि डोकं टेकवलं.