सरळ प्लेटचा गुन्हा

रवळू वेल्डरनं जोडलेलं काम वाकडं निघालं, असं उद्यमबागेतल्या कारखान्यांत कुणी म्हटलेलं नव्हतं. त्याचं वाईट चिंतणारे आधी पट्टी लावून बघत आणि मग गप्प बसत. त्यामुळे १९८५ साली लेकीनं, पद्मजानं, एम.ई.च्या प्रबंधासाठी दोन पोलादी प्लेटा जोडून मागितल्या, तेव्हा त्यानं अंघोळ करून काम हाती घेतलं.

"साध्या जोडा आप्पा, विशेष काही करू नका," ती म्हणाली होती. बापाला तो तिचा विनय वाटला.

वेल्ड थंड होताना आकसतो आणि प्लेटांच्या कडा वर उचलतो. म्हणून रवळूनं नेहमीप्रमाणे त्या आधीच उलट बाजूला जराशा झुकवून ठेवल्या. थंड झाल्यावर जोड सपाट, आरशासारखा.

तिसऱ्या दिवशी पद्मजा तोंड पाडून आली. वेल्डची उष्णता कशी पसरते, पोलादात किती ताण अडकून राहतो, त्यानं प्लेट किती वाकते, हे सांगणारा प्रोग्रॅम तिनं दोन वर्षं खपून लिहिला होता.

"कॉम्प्युटर म्हणतोय, कडा तीन पूर्णांक आठ दशांश मिलिमीटर उचलणार. तुमची प्लेट सपाट! सर म्हणाले, प्रोग्रॅम चुकलाय. सोमवारपर्यंत जुळलं न्हाय तर सही न्हाय."

रवळूनं बिडी पेटवली.

"त्यो कॉम्प्युटर वेल्डिंग करतोय व्हय गं?"

"न्हाय. नुसती आकडेमोड."

"मग त्येला कसं कळलं? मला त्ये कळाय सात वरसं लागली. वर उस्तादाच्या शिव्या." झुरका घेऊन त्यानं सांगून टाकलं, "आदीच उलटी वाकवल्याली मी."

"आप्पा! कशाला?"

"कशाला म्हंजे? लेकीची प्लेट कॉलेजात वाकडी धाडू?"

रविवारी त्यानं दुसरी जोडली, न झुकवता. जोड थंड होत गेला, तशी कड हळूहळू उठू लागली. रवळू तोंड फिरवून उभा राहिला. पद्मजानं मोजलं.

"तीन पूर्णांक सात दशांश! आप्पा, लई झ्याक वाकलीया!"

तीस वर्षांत असली शाबासकी त्याला पहिलीच. त्यानं प्लेट पोत्यात गुंडाळली, वरून आणखी एक पोतं घातलं.

"प्रबंधात तुमचं नाव घालणार मी," ती म्हणाली.

"घाल की." त्यानं सुतळीची गाठ आवळली. "पण ही प्लेट कुणी जोडली म्हणून सरांनी इचारलं, तर शेजारच्या शेडातल्या भावकूचं सांग."