पांढरं वेगळं, रंगीत वेगळं

पायाखालची जमीन सरकली, असं लोक उगाचच म्हणतात. मुलाचा निकाल लागला की म्हणतात, सासूबाई न कळवता आल्या की म्हणतात. जमीन जिथल्या तिथे असते. माझ्या पायाखालची मात्र खरोखर सरकली. सकाळी, दात घासायच्या आधी. आणि सरकत सरकत पार पुलाखालून गेली. ज्याला पटत नसेल त्याने आमच्या हिला विचारावं. फक्त हात पोचणार नाही इतकं अंतर ठेवून विचारावं.

मी नळवाला. ही लाँड्रीवाली. म्हणजे आमचा संसार पाण्यावरच चाललेला, मी थांबवायचं आणि तिने ओतायचं. माझ्यात खोड एकच. नळ ठिबकताना ऐकला की मला बसवत नाही. व्याह्यांकडे पहिल्यांदा जेवायला गेलो, तर पानं वाढेपर्यंत मी त्यांच्या मोरीत पालथा. दाढ काढायला डॉक्टरकडे गेलो आणि त्याचं बेसिन काढून बसलो. दाढ अजून तोंडात आहे. नाटकाला गेलो, तर दुसरा अंक हिने एकटीने पाहिला. मी होतो नाट्यगृहाच्या संडासात, टाकीत कोपरापर्यंत हात घालून. शेवटी टाळ्या झाल्या तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठीच.

तर जावईबापूंच्या मनात आलं की म्हाताऱ्यांना जरा विश्रांती द्यावी. त्यांनी नदीकाठच्या एका बुटीक हॉटेलात आमच्यासाठी एका रात्रीची खोली घेतली.

"बुटीक म्हणजे ब्लाउज शिवतात ते ना?" मी विचारलं. "मग झोपायचं कुठे? शिलाई मशीनवर?"

"बाबा, बुटीक म्हणजे छोटं आणि छान," मुलगी म्हणाली.

"मग तुझी आई बुटीक आहे म्हण की."

एरवी यावर हिने मला लाटण्याने हाणलं असतं. त्या दिवशी ती हसलीही नाही. बॅग भरता भरता थांबली, माझ्याकडे वळली आणि आवाज न चढवता बोलली. हिने आवाज चढवला की मी घाबरत नाही, कारण तो वादळासारखा येतो आणि जातो. न चढवलेला आवाज आला की समजावं, आता घर गळणार.

"जन्मभर तुमची पाठ बघत आले," ती म्हणाली. "कधी बेसिनखाली, कधी टाकीत. एक रात्र माझ्या शेजारी नुसते बसा. तिथल्या एका जरी नळाला हात लावलात, तर सकाळी मी तिथूनच परस्पर मुलीकडे जाईन. राहायला. कायमची. मग बसा घरातल्या नळांशी गप्पा मारत."

"अगं, गंमत करतेस का?"

"याद राखा, गाठ माझ्याशी आहे," ती म्हणाली, आणि माझ्या पिशवीतला लाडका छोटा पाना काढून कुठेतरी नाहीसा केला.

मुलगी खाली बघत होती. म्हणजे मायलेकींचं आधीच ठरलं होतं.  ही नसलेलं घर मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं. नळ सगळे कोरडे ठाक आणि मीही.

हॉटेलचा मॅनेजर काळ्या कोटातला, उंच, आणि बोलणं असं मऊ की कानाशी कापूस धरल्यासारखं. त्याच्याकडे कुठलीही वस्तू साधी नव्हती. चहा म्हणजे अनुभव, उशी म्हणजे अनुभव, साबणाची वडी हातावर ठेवताना तो असा वाकला की मला वाटलं, आता हा माझ्या पाया पडतो.

"आपली खोली इतरांपेक्षा वेगळी आहे, काका," तो म्हणाला. "आपली खोली नदीवर आहे."

"ते दिसतंय की," ही म्हणाली. "नदीकाठचं हॉटेल म्हणूनच तर आलो."

"नाही काकू, म्हणजे अगदी नदीवर."

"अगदी तर अगदी. आंघोळीला गरम पाणी येतं ना?"

त्याला आणखी काही सांगायचं होतं. पण हिने किल्ली घेतली, फळीवरून चालत आत गेली आणि पलंगावर बसून पाहिलं. गादी इतकी मऊ की ती मध्यावर बुडाली आणि मला फक्त अंबाडा दिसत राहिला. खोली मात्र देखणी होती. लाकडी जमीन, मोठी काच, पुढे कठडा असलेला सज्जा, सज्ज्याखाली संथ हिरवं पाणी. सगळीकडे अशी शांतता की स्वतःचा श्वास पाहुण्यासारखा वाटावा.

आणि त्या शांततेत, न्हाणीघरातून, टप्.

मी हिच्याकडे पाहिलं. हिने माझ्याकडे.

टप्.

"वायसर गेलाय," माझ्या तोंडून निघून गेलं.

"जाऊ दे त्याला. तुम्ही नका जाऊ."

मी गेलो नाही. सज्ज्यातल्या वेताच्या खुर्चीत हिच्या शेजारी बसलो आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. समोर सूर्य नदीत उतरत होता, बगळे घरी निघाले होते, ही कधी नव्हे ती गुणगुणत होती, आणि माझ्या डोक्यात नुसतं टप्, टप्. तुम्हाला सांगतो, आगीवरून चालणं सोपं. कपाळावरून घाम निथळायला लागला, तसं हिनेच मला हुकूम सोडला, "जा, टबात पडून राहा जरा. पण हात वर ठेवून. मला दारातून दिसले पाहिजेत."

मी टबात हात वर करून पडलो, पोलिसांनी पकडलेल्या चोरासारखा. तो नळ माझ्या नाकासमोर. प्रत्येक थेंब पडताना माझ्याकडे बघून डोळा मारायचा. खोटं सांगत नाही, एक तर जीभही दाखवून गेला. शेवटी मी डोळे मिटले आणि कानात साबणाचा फेस भरला. त्यामुळे त्या वेळी ही बाहेर काय करत होती ते मला दिसलंही नाही, ऐकूही आलं नाही. माझे हात दारातून दिसत राहिले, एवढं मात्र ती आजही कबूल करते.

जेवलो, पडलो. गादीने गिळून टाकलं. त्या ठिबकण्याच्या तालावर मी झोपलो, म्हणजे जशी माणसं शत्रूच्या छावणीत झोपतात तसा.

सकाळी जाग आली ती आवाजाने नाही. आवाज थांबल्याने.

टप् नव्हतं.

मी कान टवकारले. न्हाणीघर गप्प. नळ कोरडा. मी डोळे उघडले तर ही उठून बसलेली, केस मोकळे, आणि तिची नजर माझ्यावर, शर्टावर विसरून राहिलेल्या इस्त्रीसारखी, भोक पाडणारी.

"थांबवलातच शेवटी," ती म्हणाली.

"अगं, मी नाही!"

"मग काय नळाला माझी दया आली?"

"तुझ्या गळ्याची शपथ, मी जागचा हललो नाही."

"माझा गळा सोडा." तिचा आवाज चढलेला नव्हता. "एक रात्र मागितली होती मी. एक. माझी बॅग कुठाय?"

माझं काळीज पाण्यात पडलं. मी उठलो आणि पलंगामागच्या खिडकीचा पडदा ओढला, निदान उजेडात माझा चेहरा पाहून तिला खरं वाटेल म्हणून.

समोर, काचेला अगदी चिकटून, एक घोडा उभा होता.

घोडा माझ्याकडे पाहून जितका दचकला तितकाच मी दचकलो. तो पाणी प्यायला उतरला असावा. मग तो डावीकडे सरकला. चालत नव्हता हो, चारी पाय रोवून उभाच होता, आणि सरकत होता. त्याच्यामागे एक झाड सरकलं. मग कोणाची तरी परसबाग सरकली. परसात बनियनवर एक माणूस ब्रश तोंडात धरून उभा होता, तोही उभ्या उभ्या सरकला आणि त्याचा ब्रश गळून पडला.

"अहो," ही मागून म्हणाली. आता बॅग तिच्या हातात होती. "अहो, हा गाव कुठे चाललाय?"

"गाव नाही," मी म्हणालो.  "आपण चाललोय."

दार उघडलं तर फळी नाही, काठ नाही, हॉटेल नाही. चारी बाजूंनी नदी. आमची खोली, पलंग, टब आणि वेताच्या खुर्च्यांसकट, मजेत गोल गोल फिरत प्रवाहाला लागली होती. हिने दाराची चौकट घट्ट धरली. मी हिला धरलं.

"खोली वाहून चाललीय! घर कधी वाहतं का?" ही म्हणाली.

"तो मॅनेजर म्हणाला होता, नदीवर आहे..."

"नदीवर म्हणजे काठावर!" ही ओरडली. "लहानपणी आम्ही कपडे धुवायला नदीवर जायचो, तेव्हा काय पाण्यावर उभ्या राहून धुवायचो?" आणि एकदम तिचे डोळे बारीक झाले. "तुम्ही काय काढलंत? खरं सांगा! कुठला पाइप सोडवलात?"

आणि खरं सांगतो, त्या क्षणी मलाच माझा संशय आला. झोपेत उठून मी काही केलं असेल तर? हाताला सवय असते. मी तळहात पाहिले, नखं पाहिली. ग्रीस नव्हतं. तरी आता ही जाणार. खोली किनाऱ्याला लागली की ही काठ चढून जी जाईल ती जाईलच.

तेवढ्यात काठावरून हाक आली. हॉटेलचा ढेरपोट्या आचारी हातात झाकलेलं ताट घेऊन नदीकाठाने धावत होता.

"साहेब!" तो धापा टाकत ओरडला. "अंडी... अंडी कशी हवीत?"

"उकडलेली!" हिने प्रसंगावधान राखून उत्तर दिलं. "फेकता येतील अशी!"

त्याने खरोखर फेकली. एक मी झेललं, एक पुलावरून जाणाऱ्या बसच्या खिडकीत गेलं. हो, पूल आला होता, आणि पुलावर तोबा गर्दी. वरून कोणीतरी विचारलं, "काकू, भाडं किती?" खालून ही, "आधी थांबव, मग सांगते!" आम्ही पुलाखाली शिरलो, अंधार झाला, छपराला कमान घासली, दोन कौलं उडाली, आणि पलीकडे उजेडात येताच खोली एका वाळूच्या उंचवट्यावर हळूच जाऊन बसली. कोंबडी अंड्यांवर बसते तशी.

मागून होडी वल्हवत काळ्या कोटातला मॅनेजर सज्ज्यापाशी आला. बूट भिजलेले, केस चिकटलेले, बोलणं मात्र तसंच मऊ.

"सुप्रभात, काका, काकू. अनुभव कसा वाटला?"

"तुझा अनुभव घाल चुलीत!" ही म्हणाली. "यांनी नक्की काय सोडवलं तेवढं मला सांग, म्हणजे मी जायला मोकळी."

"रात्रभर खोली नुसत्या पाण्याच्या पाइपाने धरून ठेवली आणि पहाटे तो ओढला जाऊन तुटला. म्हणून आपला नळ बंद पडला असणार," तो म्हणाला. माझ्या छातीवरून दगड उतरला. "पण त्याआधी दोऱ्या सुटल्या. काठावरच्या दोन खुंटांना दोन दोऱ्या होत्या, खोलीला धरून ठेवणाऱ्या. जाड, पांढऱ्या, सुती. त्या आता खुंटांना नाहीत. पाण्यातही नाहीत. त्या गेल्या कुठे, तेच मला..."

तो बोलता बोलता थांबला. तो वर बघत होता. मीही वर पाहिलं.

सज्ज्याच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत, ताणून बांधलेली, एक जाड पांढरी सुती दोरी. तिच्यावर दोन पांढरे टॉवेल, टोकाला टोक जुळवून. आणि तिला समांतर, अशीच दुसरी दोरी. तिच्यावर हिचा हिरवा गाऊन आणि माझी निळी पट्ट्यांची विजार.

नदीसुद्धा वाहायची थांबली.

"दोन्ही?" मॅनेजर कुजबुजला. त्याचा मऊपणा पहिल्यांदाच फाटला. "एक सोडली असती तरी खोली राहिली असती. दोन्ही कशाला?"

उत्तर मला ठाऊक होतं. आमच्या लाँड्रीत भिंतीवर लिहिलेलं नाही, पण विटेविटेला पाठ आहे. पांढरं वेगळं, रंगीत वेगळं. एका दोरीवर कधी नाही. मी खांबावरच्या गाठीकडे बघत राहिलो. दोन वेढे आणि खाली एक कान काढलेला. माझ्या शर्टांचं गाठोडं जन्मभर तशाच गाठीत बांधलेलं येत आलंय.

"ही गाठ कोणाची?" मॅनेजरने विचारलं.

मी हात वर केले. टबात केले होते तसेच. सवयीने.

हिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग नाक. ओले टॉवेल तसेच बोळा करून टाकणारी ती बाई नव्हे. आणि अशी दोरी, नुसती खुंटाला लोंबत पडलेली, तिने आयुष्यात वाया जाऊ दिली नव्हती.

"गाठ माझी आहे," शेवटी ती म्हणाली.

"म्हणजे तुमची गाठ हिच्याशी आहे," मी मॅनेजरला समजावलं. तो एक पाऊल मागे सरला, आणि होडीत असल्यामुळे नदीत पडला.

त्याला दोघांनी मिळून वर ओढलं. हिने स्वतः त्याचा कोट पिळून दिला आणि रंगीत दोरीवर टाकला. मग माझ्याकडे वळली.

"नळाला रात्रभर हात नाही लावलात?"

"नाही."

"ठिबकत होता तरी?"

"माझ्याकडे बघून डोळा मारत होता तरी."

ती माझ्याकडे बघत राहिली. लग्नात पाहिलं होतं त्याहून जास्त वेळ. मग पर्स उघडली, तळाशी हात घातला आणि माझा छोटा पाना माझ्या तळहातावर ठेवला. तिच्या मुठीच्या उबेने गरम झालेला.

"जा," ती म्हणाली. "त्याच्या नळाचा वायसर बदलून द्या. तोपर्यंत कपडे वाळतील."

"आणि मग?" मी विचारलं.  "मग तू मुलीकडे?"

"मुलीकडे कशाला?" ही टॉवेल उलटा करत म्हणाली. "तिच्या घरात एकच दोरी आहे."