दोन वयांचं बाळ

सुनेला दहा आठवडे आधीच मुलगा झाला. तळहातावर मावेल एवढा. मी त्याला मूठभरच म्हणायचे. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं, पण आम्हाला कुणी बाहेर काढलं नाही. तिथली सिस्टर म्हणाली, "आजी, इथे कुणी पाहुणं नाही. कोपरापर्यंत हात धुवा आणि बाळ छातीशी घ्या, उघड्या अंगाला लावून." चार पोरं वाढवली मी, आणि ही मला शिकवते! पण घेतलं. सकाळी सून, दुपारी मी, कामावरून आला की माझा लेक.

त्या सिस्टरची एक गोष्ट मात्र मला पटली. अशा बाळाचं वय जन्मापासून धरायचं नाही, बाळंतपणाच्या ठरल्या तारखेपासून धरायचं. बसणं, रांगणं, बोलणं, सगळं त्या वयानं. नाहीतर आया उगाच झुरतात. शाळेत मी दोनच यत्ता शिकले, पण एकदा ऐकलेलं विसरत नाही.

चोविसाव्या दिवशी घरी सोडलं. शेजारीण डोकावून म्हणाली, "अगंबाई, एवढंसंच?"

"अजून जन्मायचंय ते," मी म्हटलं. "तुमचा नातू पाच वर्षांचा घोडा झाला, त्याचं नाक पुसा आधी."

तिसाव्या दिवशी सून दवाखान्याची फाइल आणि बाळाची पिशवी घेऊन दारात उभी.

"आई, डोळे तपासायचेत. महिना झाला."

"कुणाचा महिना? त्याला जन्मायलाच अजून सहा आठवडे आहेत."

"पण कागदावर आजची तारीख—"

"वय कसं मोजायचं ते त्यांनीच शिकवलंय मला. ठेव ती पिशवी. एवढ्याशा जिवाला वारं लागेल."

तिनं ठेवली. माझ्या घरात माझा शब्द कुणी ओलांडत नाही.

दहा दिवसांनी सिस्टरचा फोन आला. नेहमीचं हसणं नव्हतं त्यात. त्याच दुपारी गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, पापण्या तारेनं उघड्या धरल्या, कपाळावर दिवा बांधून बराच वेळ पाहिलं.

"पडद्यावर नको त्या रक्तवाहिन्या वाढल्यात. उद्याच लेझर करायचं. या तपासणीचे दिवस जन्मापासूनच मोजतात. उशीर का केलात?"

"माझ्या लक्षात राहिलं नाही," सून म्हणाली.

माझं खरकटं मी आजवर कुणाला उचलू दिलेलं नाही.

"खोटं बोलतेय ती," मी म्हटलं. "ती निघालीच होती. मी अडवलं. लिहा तसं."

बाईंनी काही लिहिलं नाही. "उद्या आठला कोण आणणार?" एवढंच विचारलं.

"ती आणेल."

उजवा डोळा वाचला. डाव्यानं कमी दिसतं. चष्मा लागेल, आणि शाळेत जाईपर्यंत तरी तपासण्या सुटणार नाहीत, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. मूठभर आता बसतो, ठरल्या तारखेच्या वयानं अगदी वेळेवर.

तपासणीच्या तारखा सून ठरवते. मला विचारत नाही, नुसतं सांगते. परवा म्हणाली, "आई, चप्पल घाला. उशीर होतोय."

मी घातली.