बारीक भोकांची जाळी

गाडी बघून मला आनंद व्हायला हवा होता. होणारा जावई तीनशे हॉर्सपॉवरची काळीभोर गाडी घेऊन दुकानापुढं उतरतो, रस्त्यावरची चार माणसं माना वळवून बघतात, यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? पण मी संशयी माणूस आहे. बायको म्हणते, मला देवळातला प्रसाद दिला तरी मी आधी वास घेऊन बघतो. बघतो, नाकारत नाही. सव्वीस वर्षं अंबाजोगाईत गाड्यांना जाळ्या, दिवे आणि भोंगे बसवतोय. ‘काही नाही हो, जरासं घासलंय’ म्हणणाऱ्या गाडीची अख्खी चौकट वाकलेली निघते, हे मी पाहिलंय.

साखरपुडा रविवारी होता आणि हा बुधवारी आला. एकटाच, न कळवता. माझी करिष्मा एकुलती एक, मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये कामाला. तिचं लग्न या युवराजशी ठरलं होतं. आष्टी तालुक्यातलं स्थळ. बायोडाटात लिहिलं होतं, ‘वाहतुकीचा व्यवसाय, पश्चिम महाराष्ट्र.’ म्हणजे नेमकं काय, असं मी मध्यस्थाला विचारलं, तर म्हणाला, ट्रक आहेत. ट्रकात काय असतं ते कुणी सांगेना. करिष्माला मुलगा आवडला. सुनिताला, म्हणजे माझ्या बायकोला, त्याचं वाकून पाया पडणं आवडलं. मी एकटा पडलो. कुठंतरी पाणी मुरतंय असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. पुरावा हातात आला की रविवारच्या आत हे लग्न मोडायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

“मामा, पुढच्या ग्रिलला जाळी बसवायची हाय,” युवराज म्हणाला. “उद्या पहाटं परत निघायचंय. आज हुईल का?”

“होईल की. चकचकीत देऊ का काळी?”

“कसली बी चालंल. फक्त बारीक भोकांची पायजे.”

इथं माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. या धंद्यात आजवर एकही माणूस ‘कसली बी चालंल’ म्हणालेला नाही. जाळी ही मिरवायची वस्तू. लोक मोबाइलवर फोटो दाखवून अगदी तश्शीच मागतात, भोकाच्या आकारावरून भांडतात. त्यातून ही गाडी मिरवण्यासाठीच जन्माला आलेली. आणि हा म्हणतो, कसली बी.

“बारीक भोकं घेतली तर हवा कमी जाईल,” मी म्हणालो. “असलं जोरकस इंजिन तापतंय मग.”

“आत्ताच तापतंय, मामा. म्हणून तर आलो.”

“कशानं तापतंय?”

“धुळीनं,” असं म्हणून त्यानं दुसरीकडं बघितलं.

धूळ आमच्या बीड जिल्ह्यातल्या गाड्यांनी काय कमी खाल्लीय? धुळीनं गाडी तापली म्हणून कुणी जाळी बसवत नाही, फिल्टर झटकतात. मी मान डोलवली आणि पाने काढले.

“बंपर काढावा लागंल का?” त्यानं विचारलं.

“वरून चिकटवायची असंल तर जत्रेत जा. आपल्याकडं बंपर काढूनच बसवतात.”

“तसं न्हाई. मीच काढू लागतो.”

असल्या गाडीचा मालक बंपर काढू लागतो? मालक काचेच्या केबिनमध्ये बसून गार पाणी पितो. हा खाली मांडी घालून बसला, चाकाच्या खाचेतले स्क्रू मला न विचारता शोधले, प्लॅस्टिकच्या खुंट्या एकही न तोडता उचकटल्या. हात सरावलेले होते. गाडी याची नव्हे, हा गाडीवरचा ड्रायव्हर आहे, असा माझा सरळ हिशेब झाला. मालकाची गाडी आणून सोयरीक जमवणारे मी ऐकले होते. घड्याळ, चेन, गाडी, सगळं एका दिवसापुरतं.

बोनेट उघडायचा खटका शोधतोय असं दाखवून मी आत बसलो आणि पुढचा कप्पा उघडला. मला लाज वाटली नाही. एकुलत्या मुलीचा बाप आहे मी. कागदपत्रांच्या पाकिटात गाडीचं कार्ड होतं. मालकाच्या जागी नाव होतं, साखराबाई. साखराबाई म्हणजे याची आई. बघण्याच्या कार्यक्रमाला आली होती. जाड काठाचं लुगडं, कपाळावर गोंदण, सगळा वेळ सतरंजीकडं बघत बसलेली. चार शब्द बोलली असेल. ती बाई या गाडीची मालकीण! पोरगा आईच्या नावावर गाडी कधी घेतो? स्वतःच्या नावावर घ्यायची सोय नसते तेव्हा. मी कप्पा लावला. आता मला नुसता संशय नव्हता, पुरावा हाती येतोय याच्या उकळ्या फुटत होत्या.

सेन्सरच्या वायरी सोडवून आम्ही दोघांनी बंपर उचलला आणि गोणपाटावर ठेवला. मग मी गाडीचं उघडं तोंड बघितलं.

रेडिएटरची चाळणी दिसतच नव्हती. वाळक्या, पिवळट पात्यांनी ती गच्च भरली होती, वर तपकिरी चिकट थर. मी बोटानं एक पातं ओढलं. दुसरं ओढलं. आणि बोटांच्या बेचक्यात ती खाज सुटली.

ही खाज मी ओळखतो. हे आता सांगितलंच पाहिजे. वाळलेल्या उसाच्या पानाला पाचट म्हणतात आणि त्याच्यावर डोळ्याला न दिसणारी कूस असते. कातडीत शिरली की दोन दिवस झोप नाही. माझे आईबाप ऊस तोडायला जायचे. दिवाळी झाली की बैलगाडीत संसार भरून सांगलीकडं, आणि फडाशेजारी पाचटाच्याच कोपीत, म्हणजे झोपडीत, सहा महिने. पंधराव्या वर्षापर्यंत मी मोळ्या वाहिल्या. मग पुण्यात एका गॅरेजला पळालो तो परत फिरलो नाही. सुनिताचे वडील शाळामास्तर. त्यांना मी सांगितलं, माझे वडील साखर कारखान्यात कारकून होते, आईवडील दोघंही गेले, मागं कुणी नाही. गेले होते हे खरं होतं. बाकी खोटं. चोवीस वर्षं मी ते खोटं नीट तेलपाणी करून चालवलं. ऊसतोडीच्या गाड्या बाजारातून गेल्या की सगळ्यांच्या आधी मीच नाकाला रुमाल लावायचो.

आणि आता तीच खाज माझ्या दारात, माझ्या जावयाच्या गाडीत. माझं डोकंच फिरलं. ज्या खातेऱ्यातून मी जीव घेऊन पळालो, त्यात माझी पोर जाणार?

तेवढ्यात वरून सुनिता चहा आणि भज्यांचं ताट घेऊन खाली आली. आमचं घर दुकानाच्या वरच आहे. मागं करिष्मा, नुकतीच ड्यूटीवरून आलेली.

“या, बघा,” मी म्हणालो. “पश्चिम महाराष्ट्रातली वाहतूक बघा. हे काय हाय, युवराजराव?”

“घाण अडकलीय, मामा.”

“घाण न्हाई, पाचट हाय. ही गाडी फडात जाते. रोज जाते. ट्रकात काय असतंय ते कळलं का, सुनिता? ऊस! आन् उसामागं टोळी. ह्यो मुकादम हाय. तोडकऱ्यांच्या टोळ्या नेणारा मुकादम! ऐन सीझनचा फड सोडून आलाय, अन् ती बारीक जाळी पाचट आत जाऊ नये म्हणून पायजे ह्याला. धूळ म्हने!”

युवराज उठून उभा राहिला. चेहरा उतरला होता, पण नजर खाली घातली नाही.

“खरंय. टोळी आईची हाय, मी तिच्या हाताखाली हाय. वडील फडातच वारले. त्यांच्या मागं आईनं कोयता बी चालवला आन् टोळी बी संभाळली. गाडी तिच्या नावावर घेतली, कारण तिची हौस होती. धूळ म्हनलो ते चुकलं माझं.”

“बायोडाटात का न्हाई लिहिलं मग?”

“लिव्हलं होतं, मामा. चार ठिकानी. चारी ठिकानाहून परत आलं.”

“मला माहीत होतं, बाबा,” करिष्मा म्हणाली. “त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं.”

“आणि तू मला बोलली न्हाईस?”

“तोडकऱ्यांबद्दल तुम्ही काय काय बोलता, ते लहानपणापासून ऐकतेय मी.”

सुनितानं ताट बाकावर ठेवलं. रेडिएटरजवळ वाकून तिनं एक पातं उचललं, उलटसुलट केलं.

“मला तर हे साधं गवत वाटलं असतं,” ती म्हणाली. “तुम्हाला हात लावल्याबरोबर कसं कळलं?”

ती सहज विचारत होती. मी मात्र बोटं खाजवत होतो आणि खाजवतोय हे मला आता कळलं.

“कारखान्यावर बी असतंच की पाचट,” युवराज पटकन म्हणाला. “मामांचे वडील तितं कारकून होते न्हवं? लहानपनी पाह्यलं असंल.”

त्यानं मला वाट काढून दिली होती. शहाण्या माणसानं मुकाट्यानं त्या वाटेनं निघून जायचं, भजं तोंडात टाकायचं. पण मी असा. मी मनात म्हणालो, याला माझा एवढा पुळका कशाला? आत्ता मी याची अब्रू काढली आणि हा माझी झाकतोय? याला काहीतरी माहीत आहे.

“तू कावून मधी पडला?” मी विचारलं.

“सोडा, मामा.”

“न्हाई, बोल. काय माहीत हाय तुला? कुनी सांगितलं?”

“मामा, मी वचन दिलंय. ऱ्हाऊ द्या.”

“ह्या घरात लपवाछपवी चालत न्हाई!” हे मी म्हणालो. मी.

युवराजनं एकदा करिष्माकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“वत्सलामावशी आमच्याच टोळीत हाय,” तो हळू म्हणाला. “आईच्या बरोबरीची. दोघी जोडीनं ऊस तोडायच्या, आईचा आन् तिचा एकच कोयता हुता कैक वर्षं. तुमचं स्थळ तिनंच सुचवलं. म्हनली, पोरगी गुनाची हाय, पन माझं नाव काढू नगंस.”

“कोण वत्सलामावशी?” सुनितानं विचारलं.

बाहेरून एक ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत मला वेळ मिळाला आणि तो मी खोटं शोधण्यात घालवला. सापडलं नाही.

“माझी बहीन,” मी म्हणालो. “थोरली.”

“तुमची बहीण.”

“हं.”

“ती एकदा दुकानात आली होती का?” सुनिताचा आवाज एकदम बारीक झाला. “डोक्यावर गाठोडं. करिष्मा पोटात होती माझ्या. तुम्ही म्हणालात, गावाकडची ओळखीची बाई आहे. तिला बाहेर ओट्यावर चहा दिला आपण.”

मी होकारार्थी मान हलवली. त्या दिवशी वत्सलानं चहा पिऊन कप विसळून ठेवला होता आणि सुनिताला ‘येते बाई’ म्हणून निघून गेली होती. गाठोडं तसंच परत नेलं. त्यात काय होतं ते मी कधीच विचारलं नाही. आता सगळ्यांसमोर रडू येतंय असं वाटलं, आणि मला स्वतःचीच चीड आली.

“मला आत्या आहे?” करिष्मा म्हणाली.

“फोन लाव तिला,” मी युवराजला म्हणालो.

त्यानं लावला आणि माझ्या हातात दिला. बराच वेळ वाजला. मग कोयत्यांची खटखट ऐकू आली आणि धापा टाकणारा आवाज.

“काय रं युवराज?”

“मी पंडित.”

खटखट चालू होती.

“कोन गेलं?” तिनं विचारलं.

“कुनी न्हाई गेलं, अक्का. समदे बरे हायत.”

“मंग फोन कावून केला?”

“रविवारी करिष्माचा साखरपुडा हाय. तू ये.”

“तुला युवराजनं सांगितलं व्हय? मी त्याला नको म्हनलं हुतं.”

“त्याचं न्हाई काही. मीच बोलवतोय.”

“तू बोलवतोस,” ती म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता. माझीच बहीण ती. संशय आमच्या रक्तात आहे आणि या बाबतीत तिला पुरेपूर हक्क होता. “लोकांसमोर मी कोन म्हनून येऊ, पंड्या? वळखीची बाई?”

मी तसाच फोन कानाला धरून उभा राहिलो.

सुनितानं माझ्या हातातून फोन काढून घेतला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती माझ्याशी पुढं किती दिवस बोलणार नाही, याचा मला अंदाज आला.

“वन्सं,” ती म्हणाली. “मी सुनिता.”

चोवीस वर्षांच्या संसारात तिला हा शब्द कुणाला म्हणता आला नव्हता. एकदाच म्हटला आणि तिला हुंदका फुटला. पदर तोंडाला लावून तिनं तो आवरला.

“करिष्माच्या बारशाला आत्या म्हणून मी शेजारीण उभी केली होती, वन्सं. तिनंच नाव ठेवलं पोरीचं. रविवारी मला शेजारीण नको. तुम्ही या.”