पोवळं की पोळं?

मी एक जुना पोवळ्याचा तुकडा आहे, मित्रांनो. थांबा, तिथूनच ऐका! हात लावायचं काम नाही. माणसाच्या हाताचा मला भरवसा नाही, आणि तुम्हीही शेवटी माणसंच.

सापगावात जगनच्या घरी, टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात मी असतो. जन्म मात्र मालवणच्या समुद्रातला. मोहरीएवढ्या इवल्या जिवांनी स्वतःभोवती घरं बांधली, घराला घर चिकटत गेलं आणि मी झालो. बोटभर वाढायला कितीतरी वर्षं लागली. माझ्या फांद्यांत छोटे मासे लपायचे. आणि मी छान तपकिरी होतो बरं का, असा पांढराफटक नव्हतो.

मग जगन मित्रांबरोबर तिथं फिरायला आला. तोंडात श्वासाची नळी धरून स्नॉर्कलिंग करताना दमला आणि खडक समजून आमच्यावर चक्क उभा राहिला. कट्! मी तुटलो. त्याने मला खिशात घातलं, घरी आणून धुतलं, उन्हात वाळवलं. माझ्यातले जीव तोवर मरून गेले होते. येणारे-जाणारे म्हणायचे, "काय पांढराशुभ्र आहे!" माझ्या मढ्याचं कौतुक! तेव्हापासून मी कोणाच्या गोड बोलण्याला भुलत नाही.

यंदा तर माझं धाबंच दणाणलं. जगनची मालवणची दुसरी सहल ठरली. या वेळी त्याची मुलगी भूमिकाही जाणार होती. शेजारचा शाम म्हणाला, "मलापण एक आण रे, शोकेसला भारी दिसंल." समोरच्या देवकीकाकूंनाही हवाच होता.

"आनतो की," जगन म्हणाला. "दगडच तं हाय. ढीग पडलाय तिथं."

ढीग? अहो, ते माझं गणगोत आहे! पण कपाटात बसून मी काय करणार?

अशातच डोंगरावरच्या वाडीतली लहानीआजी मध घेऊन आली. दरवर्षी येते. भूमिकाने मला कपाटातून काढून तिच्या हातात दिलं. झालं, आता ही मला झोळीत टाकणार, असंच मला वाटलं.

"काय गो ह्या?"

"पोवळं, आजी. समुद्रातलं."

आजीला कमी ऐकू येतं. तिने मला नाकाशी धरलं, वर चाटूनसुद्धा बघितलं! "खारट पोळं? आन् यवढा कडक?" मग ती जगनकडे वळली. "रे जगन, सगळा तोडलास का? आमी मधाचा तेवढा कापतो, पिल्लांचा भाग ठेवतो. नायतं माश्या परत कशा येतील?"

जगन हसून हसून बेजार. "आजी, पोळं नाय गो, पोवळं!"

आजी चिडली. "असंल! पन भोकं हायेत ना? म्हंजे घरं हायेत. कोन रहात होता यात?"

भूमिकाने मला मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून पाहिलं. प्रत्येक भोकात बारीक बारीक भिंती होत्या. "पप्पा, खरंच कोन राहायचं?" तिने विचारलं. "बघू, तिथं विचारतो," जगन म्हणाला. माझा काही विश्वास बसला नाही.

ते मालवणला गेले आणि माझी झोप उडाली. परत आल्यावर जगनने ओली बॅग उपडी केली. टॉवेल निघाले, खाज्याचा पुडा निघाला, वाळू सांडली. मी पुन्हा पुन्हा बघितलं. एकही तुकडा नव्हता!

शाम रुसला. "मालवणला जाऊन रिकामा आलास?"

"खाजा खा गपचूप," जगन म्हणाला. "ते जिवंत असतं रे. गाइडला विचारला मी. मग आमच्यातल्या कोनालाच मी त्याच्यावर पाय ठेवू नाय दिला." मला रडूच आलं, खरं सांगतो.

भूमिकाला आता मला समुद्रात परत सोडायचंय. वेडी पोर! अगं, मी मेलोय. जे जिवंत आहे ते तिथंच राहू दे, एवढंच माझं मागणं. मित्रांनो, तुम्हीही कधीतरी समुद्रावर जाल. हवं तेवढं बघा, पण आमच्यावर पाय देऊ नका, तोडू नका. हो हो, माना डोलावताय, दिसतंय मला. चांगली मुलं आहात तुम्ही. पण मला तोडलं तेव्हा जगनही चांगलाच माणूस होता.